तुरीतली पिवळी पाने

ती केस अजून माझ्या मनातून जात नाही. मुलांनो, तुमचे आजोबा शिराळ्याकडे फौजदार होते. शिराळा तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. त्यांनी आठवणी लिहिल्या नाहीत, म्हणून ही मी लिहिते. नावे देत नाही. त्या माणसांची नातवंडे आज तिथेच नांदत असतील.

बेचाळीसनंतरचे दिवस. पोलिसांशी गावात कोणी धड बोलत नसे. आमच्या दारात भाजीवालीसुद्धा थांबत नसे. त्यामुळे दिवाळीनंतर खबर आली, तेव्हा ह्यांना ती आधी खोटीच वाटली. खबर अशी, की पलटणीतून निवृत्त झालेल्या एका सुभेदाराच्या तुरीत, मधल्या ओळींत, गांजा लावला आहे.

सकाळी पंच घेऊन हे तिथे गेले. झाडे खरोखरच होती. पुरुषभर उंच, शेंड्याला तुरे लगडलेले, खालची मोठी पाने पिवळी. पंचनामा झाला. झाडे कापून मुद्देमाल ठाण्यात आणला.

सुभेदार शांत होता. "साहेब, हे माझं न्हवं. दर उन्हाळ्यात धनगर माझ्या रानात मेंढरं बसवतो. कुठनं तरी बी खाऊन आली असत्याल, लेंडीतनं पडलं, उगवलं. न्हाईतर त्यानंच टाकलं आसंल. तुरीत शिरून कोन बघतंय?"

मेंढरे रात्री रानात बसवली की लेंडीने जमीन खतावते, आणि बदल्यात धनगराला धान्य मिळते. हा धनगर पूर्वेच्या दुष्काळी भागातून नुकताच परतला होता. त्याचा तळ शेजारच्या मोकळ्या रानात होता. त्याच्या बटव्यात चिमूटभर गांजाही निघाला. तेव्हा गांजा परवान्याच्या दुकानात मिळे, तिथलाही असू शकत होता, पण संशयाला तेवढे पुरले. त्याला लॉकअपमध्ये घातले.

"गांजा तुझा का?"

"न्हाई साहेब."

"मग कुणाचा?"

"मला ठावं न्हाई."

हवालदार वैतागला. "मग काय मेंढरांनी पेरला व्हय रं?"

"मेंढरं खात्यात, हवालदार. पेरत न्हाईत."

यापलीकडे तो बोलेना. त्याची बायको कळप घेऊन ठाण्यासमोरच्या मैदानात येऊन बसली. तिथे गवताची काडी नव्हती. मेंढ्या विणीला आलेल्या, एकटीला कळप चरायला नेता येईना. एक कोकरू आमच्या पायरीपाशीच मेले. नवरा आणखी काही दिवस आत राहिला असता, तर कळप उरला नसता.

मी तिला भाकरी दिली. ती हातात धरून म्हणाली, "आवं बाईसाब, रानाच्या मालकाला इचारा की. परवा त्यानंच आमच्या तळावरनं पाट्या भरून लेंडी न्हेली."

"उभ्या तुरीला आता खत?"

"तुरीला कशाला? तूर हिरवीगार हुती. म्हनला, मधली झाडं पिवळी पडाय लागल्यात, उपाशी हायत."

"मग हे तुझा नवरा साहेबांना का सांगत नाही?"

"त्येचं रान हाय. आमाला फुडच्या साली बी तिथंच बसायचं हाय."

हे जेवायला आले तेव्हा मी सांगितले. हे ताटावरून तसेच उठले. रानात जाऊन पाहिले, तर कापलेल्या प्रत्येक बुंध्याशी ताजी लेंडी, आणि तुरीच्या बुडाशी काही नाही. पंचनाम्याच्या वेळी सगळ्यांची नजर तुऱ्यांवर होती, जमिनीकडे कोणी पाहिले नव्हते. ह्यांनी सुभेदाराला तिथेच आणवले.

"सुभेदार, तुम्ही तणाला खत घालता?"

त्याने वाकून बुंध्याजवळची लेंडी बोटांनी चुरली. मग म्हणाला, "खालनं पिवळी पडत चालली हुती, साहेब. वाटलं, खत कमी पडलं."

मुद्देमाल बघायला आलेला अबकारी खात्याचा इन्स्पेक्टर हे ऐकून हसला. त्याने सांगितले, फुलोऱ्याच्या अखेरीस गांजाचे झाड पिवळे पडतेच. नव्या पानांची वाढ थांबते, आणि झाड खालच्या जुन्या पानांतले सत्त्व काढून तुऱ्यांना देते. पान रिकामे होते, पिवळे पडते, गळते. तो रोग नव्हे, झाड पिकल्याची खूण. तेव्हा खत घालून काही उपयोग नसतो. पण पलटणीआधी आणि नंतर ज्याचे दिवस उसामिरचीत गेले, त्याचा हात पिवळे पान दिसले की खताकडेच जाणार. तुमचे आजोबा म्हणत, गुन्हा नवा असला तरी माणसाचे हात जुनेच असतात.

मला त्या केसने वेगळे शिकवले. खरे काय ते कळले की आपण कागद बांधून मोकळे होतो. ज्याने ते सांगितले, त्याला मात्र त्याच गावात राहायचे असते.

धनगर सुटला, तेव्हा त्याने बायकोला एवढेच विचारले, "तू बोललीस?"

"बोलले."

तो ह्यांच्याकडे वळला. आवाजात राग नव्हता. "साहेब, आता आमाला रानात कोन बसू देईल?"

सगळा तालुका ह्यांच्या हुकमात होता, पण कुणाच्या रानात मेंढरे बसवायचा हुकूम ह्यांना काढता येत नव्हता. धनगराने काठी उचलली. नदीकाठची हिरवी राने सोडून कळप पुन्हा पूर्वेकडे निघाला. तिकडे त्या वर्षी चारा नव्हता.