वेदीवरचं पाकीट

चष्मेवाल्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आकाश दुभंगलं, जमीन हादरली आणि गल्लीतली कुत्री गुडघे टेकून बसली, असं त्याची बायको सांगते. खरं एवढंच, की चष्म्याची निखळलेली काडी बसवून घ्यायला ती दुकानात गेली होती आणि डोळे तपासायचा दिवा नेमका त्याच्या डोक्यामागे पेटलेला होता. चेहऱ्याभोवती हे तेज! ओठांत इवलासा स्क्रू धरून त्याने विचारलं, "बाई, आज मेलात तर तुमचा आत्मा कुठे जाईल?"

"आधी काडी बसवा," ती म्हणाली. "जायचं तिथली वाट तरी दिसू दे."

तो हसला नाही. तेव्हाच तिने पळायला हवं होतं. पण तेज आडवं आलं.

बाजारात त्याला 'प्रेषित' म्हणत. ख्रिस्ती धर्म गांभीर्याने घ्यावा तर त्याने. त्यातही दुसऱ्याचा जास्त. प्रार्थनेत कोण डोळे उघडे ठेवतं याची त्याला खडान्‌खडा माहिती. ती मिळवताना स्वतःचे डोळे कुठे असतात, हे विचारायची छाती एकट्या धाकट्या भावाची. धाकटा त्याच दुकानात घड्याळं दुरुस्त करायचा.

एका रविवारी देवळात प्रेषित मंडळीसमोर आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायला उभा राहिला. आपण किती नम्र आहोत, हे तो पाऊण तास समजावत होता. नम्रता अगदी शिगेला पोचली आणि पुढच्या बाकावरून धाकट्याचं घोरणं ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मधोमध प्लायवूड उभं राहिलं. घरी हुकूम सुटला, "त्या घराशी बोलायचं नाही."

दोन घरांमध्ये एकच भिंत. पलीकडे बायकोची धाकटी जाऊ. ज्याच्याबरोबर पोट धरून हसावं असं या बाईला जगात तेवढं एकच माणूस होतं, आणि तेच तोडलं. वर्षानुवर्षं दोघी कपडे वाळत घालताना नुसत्या एकमेकींकडे बघून खोकायच्या.

मग नवे पाळक आले. त्यांनी उपदेशात सांगितलं, की भावाशी बिनसलं असेल तर दान वेदीपाशी ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग या. उपदेश ऐकून घरी जाऊन जेवायचं असतं, हे सगळ्या मंडळीला ठाऊक. प्रेषित मात्र ताडकन उठला, दानाचं पाकीट वेदीवर ठेवलं आणि भर गाण्यात तरातरा बाहेर पडला. बायको त्याच्या मागे धावली. वाटेत तिने मनातल्या मनात प्लायवूड फोडून चुलीत घातलंसुद्धा.

धाकटा पाठदुखीमुळे घरीच होता.

"दादा? उपासना सुटली?"

"तुझ्यासाठी सोडून आलो. मी तुला क्षमा करतो."

"कशाची?"

"घोरल्याची."

"मी डोळे मिटून ऐकत होतो."

"घशात करवत चालवत?"

दारामागून जाऊ फिसकन हसली. धाकट्यालाही हसू आलं. "बरं बाबा, घोरलो. चुकलं. आता तू सांग, साक्ष जरा लांबली होती की नाही?"

बायको मनातल्या मनात विनवू लागली. 'हो' म्हणा. एक अक्षर. अहो, म्हणा ना!

"साक्ष प्रभूची होती," प्रेषित म्हणाला. "ती लांबत नसते."

दार लागलं. लागता लागता जाऊ कुजबुजली, "ताई, थोडक्यात गेलं हो!"

"मी माझं केलं," प्रेषित वाटेत म्हणाला. "आता दोष त्याच्या डोक्यावर." देवळात परतून तो सरळ वेदीपाशी गेला आणि पाकीट उचलून खिशात घातलं.

"अहो, हे काय?" पाळक चाचरले.

"समेट झाला नाही. तुम्हीच सांगितलंत. असं दान चालायचं नाही."

त्या दिवसापासून त्याने कधी दान टाकलं नाही. शास्त्र म्हणजे शास्त्र!

पुढच्या वर्षी धाकटा बिऱ्हाड घेऊन दुसऱ्या गावी गेला. प्लायवूडपलीकडे आता झेरॉक्सचं दुकान आहे.