हौगांगला शिकलेलं पोहणं

शिवदास मेश्रामला पोहता येत नाही हे एकताला कळलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आणि तिचा त्यावर विश्वासच बसेना.

शाळेच्या पोहण्याच्या वर्गाचा शेवटचा दिवस होता. सिंगापूरच्या हौगांग भागातल्या पब्लिक पूलवर आईवडिलांना बोलावलं होतं. ऐनवेळी शिक्षिकेने जाहीर केलं की आता मोठ्यांनीही पाण्यात उतरायचं, मुलांबरोबर एक खेळ आहे. बाकीचे बाप शर्ट काढून धपाधप उतरले. शिवदास पॅंट घोट्याच्या वर दुमडून काठावरच उभा राहिला.

"पप्पा, कम लाह!" एकता पाण्यातून ओरडली.

"मला येत नाही गं."

"हाऊ कॅन? यू फिक्स शिप्स!"

तिचंही खरं होतं. तुआसच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात शिवदास कित्येक वर्षं जहाजांचे तळ तपासत होता. जहाज ड्राय डॉकमध्ये घ्यायचं, दार लावायचं, पंप सुरू करून आतलं सगळं पाणी उपसायचं आणि जहाज ठोकळ्यांवर टेकलं की त्याच्या पोटाखाली शिरून कुठे पत्रा झिजला, कुठे वेल्डिंगला चीर गेली ते बघायचं, हे त्याचं काम. पाण्याशी त्याचा संबंध यायचा तो पाणी गेल्यावर.

घरी जाताना बसमध्ये एकताने पुन्हा विचारलं, "पण शिकला का नाहीस?"

"राहून गेलं," तो म्हणाला. शेजारी ओल्या टॉवेलची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली हिरा, त्याची बायको, खिडकीबाहेर बघत राहिली. तिला कारण ठाऊक होतं.

पुढच्याच महिन्यात शिवदासने त्याच पूलवर मोठ्यांच्या वर्गात नाव घातलं. वय सत्तेचाळीस. वर्गात एक निवृत्त चिनी टॅक्सीवाला होता आणि नोव्हेनाच्या इस्पितळातल्या दोघी फिलिपिनो नर्स. शिकवणाऱ्या साठीच्या गृहस्थांना सगळे अंकल सेंग म्हणत. टॅक्सीवाला तिसऱ्या रविवारी तरंगायला लागला. शिवदासला नुसता चेहरा पाण्यात बुडवायलाच पावसाळा उलटेल इतका वेळ लागला. पाणी नाकाशी आलं की त्याची मान आपोआप ताठ व्हायची आणि हातपाय झाडायला लागायचे.

"फाइट फॉर व्हॉट?" अंकल सेंग त्याच्या पाठीखाली हात धरून म्हणायचे. "वॉटर नॉट अँग्री विथ यू."

हिरा थर्मासमध्ये चहा घेऊन काठावरच्या बाकावर बसायची. ती एकही रविवार चुकवायची नाही. वर्ष संपता संपता शिवदास बेडकासारखे हातपाय मारत पूलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ लागला. त्याहून वेगळं काही त्याला जमलं नाही, आणि त्याने फारसा प्रयत्नही केला नाही.

दोन हजार पंधराच्या सप्टेंबरात यार्डाने त्याला माल्टाला पाठवलं. त्यांनी दुरुस्त केलेल्या एका जहाजाबद्दल मालकाची तक्रार होती आणि दोन्ही बाजूंनी मिळून पाहणी करायची होती. बरोबर डिझाइन विभागातला पद्माकर आपटे होता. पुण्याचा, दहा-बारा वर्षांनी लहान, बोलका आणि मनाने चांगला. तिथे पोचल्यावर कळलं की जहाज वाटेत अडकलंय, उद्याशिवाय येत नाही.

"मेश्रामसाहेब, आख्खा दिवस मोकळा!" पद्माकर म्हणाला. "हॉटेलवाली म्हणते, गोझो बेटावर जा. फेरीने अर्ध्या तासाचं काम."

फेरीतून उतरून ते बसमध्ये बसले आणि शिवदास खिडकीला चिकटला. युरोपातलं बेट म्हणजे हिरवंगार असणार अशी त्याची समजूत होती. इथे तर शेतांच्या बांधावर रचलेल्या दगडांच्या भिंती, त्यांच्या कडेने माजलेली नागफणी, तिला लागलेली लाल बोंडं, आणि उन्हाने भाजून निघालेली पिवळी जमीन. घरंही त्याच पिवळसर दगडाची. एखाद्या वळणावर हे वर्ध्याकडचं मे महिन्यातलं रान वाटायचं, आणि पुढच्या वळणावर गल्लीच्या शेवटी एकदम निळा समुद्र उभा असायचा.

बस थांबली त्या गावाच्या मधोमध टेकडीवर जुना किल्ला होता. तटावरून सगळं बेट एका नजरेत दिसलं. चर्चचे घुमट, पायऱ्यापायऱ्यांची शेतं, चारी बाजूंनी पाणी. खाली एका बेकरीतून त्यांनी टोमॅटो, ऑलिव्ह आणि मासा घातलेला जाड पाव घेतला. पद्माकरने आपल्यातला मासा वेचून वेचून शिवदासच्या कागदात टाकला. शिवदासने तो आनंदाने खाल्ला. मग हिराला फोन लावला आणि सांगितलं की इथे नागफणीची फळं बाजारात मांडून विकतात.

"विकत घेतं कोण?" तिने विचारलं.

"मी घेतलं एक. गोड आहे."

दुपारी ते श्लेंडी नावाच्या खाडीवर गेले. दोन्ही बाजूंना उंच कडे आणि मधे चिंचोळं पाणी, इतकं नितळ की होड्यांची सावली तळाच्या वाळूवर दिसत होती. कड्यातून एका गुहेकडे पायऱ्या उतरत होत्या. आइस्क्रीम विकणारी म्हातारी म्हणाली की पूर्वी मठातल्या नन तिथे पोहायला यायच्या, कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून.

पद्माकर कपडे बदलून तयार. "मेश्रामसाहेब, पोहता येतं ना?"

"येतं."

"मी आजोळी शिकलो. आजोबांनी पाठीला भोपळा बांधला आणि दिलं विहिरीत ढकलून. पाच वर्षांचा होतो. तुम्हीही विहिरीतच शिकला असाल."

"मी हौगांगला शिकलो," शिवदास म्हणाला. पद्माकरला तो विनोद वाटला. तो हसत हसत पाण्यात शिरला.

शिवदासच्या गावात विहीर होती. मोठी, दगडी बांधणीची, आत उतरायला पायऱ्या असलेली. उन्हाळ्यात गावची पोरं तिच्यात उड्या मारायची आणि शिवदास आणि त्याच्या वस्तीतली पोरं लांब कडुलिंबाखाली बसून नुसती बघायची. एका भर दुपारी विहिरीवर कोणी नव्हतं. नऊ वर्षांचा शिवदास पायऱ्या उतरला आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला. तेवढ्यात वरून कोणीतरी पाहिलं. त्याला कोणी मारलं नाही. विहिरीच्या मालकाने त्याच्या बापाला बोलावून घेतलं, मोटार सुरू केली आणि विहीर उपसायला घेतली. अंधार पडेपर्यंत पाणी संत्र्याच्या बागेत वाहत राहिलं आणि बापाने ते उभं राहून बघायचं, एवढीच शिक्षा होती. पुढे तुआसला पहिल्यांदा डॉकचे पंप सुरू झाले तेव्हा शिवदासला जेवण गेलं नव्हतं.

आता तो खडकावरून हळूच पाण्यात उतरला. खारट पाणी ओठाला लागलं. पद्माकर समोरच्या कड्याकडे निघाला होता, शिवदास त्याच्यामागे हातपाय मारत राहिला. निम्म्यावर त्याने खाली बघितलं. तळाला पूलच्या काळ्या रेघा नव्हत्या, धरायला काठ नव्हता आणि वाळूही दिसत नव्हती, नुसता गडद निळा रंग. त्याची मान ताठ झाली. नाकातोंडात पाणी गेलं. तेवढ्यात उजव्या हाताला निखारा लागावा तशी आग झाली.

"पद्माकर!"

पद्माकर वळून भराभर आला, पण त्याने हात धरला नाही. "उताणे व्हा! मेश्रामसाहेब, वर बघा, फक्त आकाशाकडे बघा. मी इथेच आहे."

शिवदास उताणा झाला. कान पाण्यात गेले आणि सगळे आवाज बंद झाले. कड्यांच्या मधली आकाशाची पट्टी तेवढी दिसत होती. खालून कोणी हात दिलेला नव्हता, तरी तो बुडत नव्हता. छातीतली धडधड थांबेस्तोवर तो तसाच पडून राहिला. मग पालथा झाला आणि पलीकडच्या खडकापर्यंत पोहत गेला.

हातावर कोपरापासून मनगटापर्यंत लाल वळ उठला होता. "जेलीफिश," पद्माकर म्हणाला. "पण पहिल्यांदाच समुद्रात आलात हे सांगायचं ना आधी! मी असा पुढे निघून गेलो नसतो."

"सांगितलं असतं तर तू मला येऊ दिलं नसतंस."

"ते आहेच," पद्माकरने कबूल केलं. "आता चालत जाऊ या परत, वरून वाट आहे."

"नाही. पोहत."

परतताना पद्माकर एक हात अंतर ठेवून त्याच्या बाजूने पोहत राहिला. काठावर आल्यावर आइस्क्रीमवाल्या म्हातारीने वळावर समुद्राचंच पाणी ओतलं, एका पातळ कार्डाच्या कडेने वरवर खरवडलं आणि त्याला दटावलं, तिच्याच भाषेत. शिवदासने मान खाली घालून ऐकून घेतलं. मग दोघांनी तिच्याकडून आइस्क्रीम घेतलं आणि संध्याकाळच्या फेरीने परतले. दुसऱ्या दिवशी जहाज आलं, पाहणी झाली, चूक यार्डाची नव्हती असं ठरलं.

हौगांगच्या घरी आल्यावर एकताने आधी चॉकलेटं बघितली आणि मग हात. "व्हॉट हॅपन्ड?"

त्याने खाडीची सगळी हकिगत सांगितली. ती टाळ्या वाजवायला लागली. मग तो म्हणाला, "तू मागे विचारलं होतंस ना, का शिकलो नाही?" आणि त्याने विहिरीचं सांगितलं, जसं झालं तसं, आवाज न चढवता. हिरा कणीक मळता मळता थांबली.

एकताने चॉकलेटं बाजूला ठेवली. "बिकॉज यू टच्ड इट?"

"हो."

"मग आजोबा तुला ओरडले?"

"नाही. त्यांनी मला शाळेसाठी वर्ध्याच्या वसतिगृहात नेऊन ठेवलं. पुन्हा गावी राहायला येऊ नकोस म्हणाले."

ती उठून त्याच्या शेजारी येऊन बसली आणि त्याच्या हातावरचा वळ बोटाने चाचपत राहिली. मराठीत सहसा न बोलणारी ती पोर मराठीत म्हणाली, "रविवारी मी पण येते पूलवर. अंकल सेंगना सांगू."

रविवारी तिघंही गेले. अंकल सेंगनी सगळं ऐकलं, हात बघितला आणि म्हणाले की समुद्रात गेलास ते ठीक, पण तुझी किक अजून वाईटच आहे, चल, चार फेऱ्या मार.