मीच देऊन टाकलेल्या गिनी पिग

आमच्या कर्जतच्या शाळेची सहल कशेळ्याजवळच्या एका फार्महाऊसवर न्यायचं ठरलं, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत मी एकटीनेच मोडता घातला. रस्ता वळणाचा आहे, मुलांना गाडी लागते, असं मी म्हणाले. खरं कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सात महिन्यांपूर्वी त्याच फार्महाऊसवर मी माझ्या मुलीच्या तीन गिनी पिग देऊन आले होते, आणि नंतर तिकडे एकदाही फिरकले नव्हते.

मुलगी दहावीत असताना मैत्रिणीकडून एक मादी घेऊन आली. ती पोटुशी निघाली आणि महिन्याभरात तिला दोन पोरी झाल्या. उंदरापेक्षा मोठ्या, सशापेक्षा लहान, शेपूट नसलेल्या. फ्रीजचं दार उघडलं की तिघी मिळून शिट्ट्या मारायच्या. मुलगी बारावीनंतर पुण्याला शिकायला गेली, तेव्हा बॅग भरता भरता तिने मला सगळं समजावून सांगितलं. रोज कोथिंबीर घाल, पेरूची फोड दे, गवत कोरडं ठेव. आणि शेवटी म्हणाली, "आई, धाकटी कानामागे सारखी खाजवते आहे. तेवढं डॉक्टरांना दाखव हं."

"दाखवते गं," मी म्हणाले.

दाखवलं नाही. शाळा सुरू झाली होती. नवरा सकाळी सातला घर सोडतो, तो दिवेलागणीनंतर येतो. पिंजऱ्याचं सगळं माझ्याच अंगावर आलं. पावसाळी हवेत गवत वाळत नव्हतं आणि घरात कुबट वास सुटला होता. धाकटीच्या कानामागे चिंचोक्याएवढा टक्कल पडल्यासारखा ठिपका दिसायला लागला, तेव्हा मला तिची काळजी वाटायच्या ऐवजी किळस आली. त्याच आठवड्यात कुणीतरी सांगितलं, की कशेळ्याकडे एक फार्महाऊस शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी ससे आणि बदकं पाळतंय. मी पिंजरा रिक्षात घातला आणि नेऊन दिला.

तिथली जनावरं बघायला एक बाई होती. जवळच्याच गावातली, शेतकऱ्याघरची, माझ्याच वयाची. तिने पिंजऱ्यात डोकावून विचारलं, "बाई, यांना काय आजार-बिजार तर नाय ना?"

"छे! ठणठणीत आहेत," मी म्हणाले, आणि धाकटीचा कान दिसणार नाही अशा बेताने पिंजरा फिरवून ठेवला.

मुलीला मी हे दीड महिना सांगितलं नाही. तिने फोटो मागितले की मी फोनमधले जुने फोटो पाठवायची. मग एकदा न राहवून सांगितलं, की त्यांना मोकळ्यावर पाठवलंय, हिरवं गवत आहे, मजेत आहेत. ती "बरं," एवढंच म्हणाली.

सहल जानेवारीत गेली. पोरं झोपाळ्यांकडे पळाली, काही मुली जाळीच्या खुराड्याजवळ थांबल्या. लगेच त्यातल्या एकीची हाक आली, "बाई, इकडे या! हिला काय होतंय बघा!"

मी गेले. तिघी एका कोपऱ्यात होत्या. आधी मला त्या ओळखूच आल्या नाहीत. पाठीवरचे केस गेले होते, आणि उघड्या कातडीवर भाकरीचे सुटतात तसे पिवळट, जाड पापुद्रे धरले होते. जिथे पाय पोचत होता तिथे खाजवून खाजवून रक्त आलं होतं. थोरलीने, म्हणजे आईने, खाजवायला मागचा पाय उचलला आणि ती आडवीच झाली. मान मागे गेली, चारी पाय हवेत झटके देऊ लागले. एक मुलगी रडायला लागली.

जनावरं बघणारी ती बाई धावत आली. तिने थोरलीवर गोणपाट टाकलं, अंधार केला आणि हळूहळू झटके थांबले. मग तिने वर बघितलं. तिने मला ओळखलं. मी ओळखले गेले हे मला कळलं, आणि मला कळलंय हे तिलाही कळलं. मी मान फिरवली आणि मुलींना म्हणाले, "चला, कुणी हात लावू नका. हात धुवा आधी."

ती गोणपाटावर हात ठेवून तशीच बसून राहिली.

माझ्याबरोबर शाळेतली एक तरुण सहकारी होती. प्राण्यांची तिला फार माया. परतताना गाडीत तिने तोच विषय धरून ठेवला. "आपण उद्या जाऊन त्यांना घेऊन येऊ या का?" ती म्हणाली. मी हो म्हणाले. त्या वेळी बोलले असते, तर पुढचं काही घडलं नसतं. "त्या माझ्याच आहेत," एवढं एक वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या स्कूटरवर आम्ही दोघी वाण्याकडचा पुठ्ठ्याचा खोका घेऊन गेलो. जनावरं बघणाऱ्या बाईने तिघींना फडक्यात धरून एकेक करून खोक्यात ठेवलं. "मी दोन डाव मालकाला बोलले, डाक्टर आना म्हनून," ती सांगत होती. "ते म्हनले, उंदराला कुटं डाक्टर लागतो व्हय? मंग मीच लिंबाचा पाला उकळून लावत व्हते. कुटनं लागलं त्यांना, काय कळंना." शेवटचं वाक्य ती माझ्याकडे बघत बोलली आणि थांबली. मी बोलेन याची ती वाट बघत होती.

"खोका जरा सरळ धरा," मी म्हणाले.

सहकारिणीने माझा खोक्यासकट फोटो काढला.

घरी आणल्यावरही मी लगेच डॉक्टरांकडे गेले नाही. ते विचारतील, कुठून आणल्या, कधीपासून आहे. माहेरी गुरांच्या खरजेला करंजाचं तेल लावायचे, ते आठवलं. मी तिघींना तेल चोळलं. पापुद्र्यांवर बोट फिरलं की त्यांना असह्य खाज सुटायची आणि झटके यायचे. दोन दिवसांत थोरलीला पाच-सहा वेळा आले. तिसऱ्या दिवशी ती उठेना, तेव्हा मी शाळेला रजा टाकून गुरांच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी चाकूच्या बोथट बाजूने एक पापुद्रा खरवडला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. "बघा," म्हणाले. मी डोळा लावला. गोल, आखूड पायांचा एक जीव तिथे वळवळत होता.

"कातडीत बिळं करून राहतो. चार दिवसांत होणारा प्रकार नाही हा. एखादीच्या अंगावर आधीपासून थोडा असणार. जागा बदलली, खाणं बदललं, जनावर खंगलं की मग उसळतो. आणि तेल कुणी लावलं?"

"मी."

"आता लावू नका. जितकं कमी हाताळाल तितकं बरं. कुठल्या म्हणालात या?"

"एका फार्महाऊसवर होत्या. हाल चालले होते, म्हणून आणल्या."

"चांगलं केलंत मॅडम. एवढ्याशा जिवासाठी कोण येतं इथे?" त्यांनी गाईला देतात तेच औषध पातळ केलं आणि इन्सुलिनच्या सुईने तिघींच्या मानेखालच्या कातडीत थेंबभर टोचलं. दहा-बारा दिवसांनी पुन्हा, मग आणखी एकदा, असं सांगितलं.

थोरली त्याच दुपारी गेली. मी तिला पपईच्या झाडाखाली पुरलं. तेलाने तिचे उरलेले केस चिकट झाले होते आणि मातीचे कण त्यांना धरत होते. ते पुसावे असं मला वाटलं, पण मी पुसले नाहीत. वरून माती लोटली.

उरलेल्या दोघींचं मात्र डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं मी केलं. गवत बंद करून खाली वर्तमानपत्र घातलं, ते दोन वेळा बदलून परसात जाळलं. पिंजरा रोज उकळत्या पाण्याने धुतला. धाकटी स्वतः खाईना, तेव्हा तिचा दाणा भिजवून, कुटून, सुई काढलेल्या पिचकारीने तिच्या गालात घातला. मधलीला पेरू आवडायचा, हे मी विसरले होते. तिनेच फोड हिसकावून घेऊन आठवण करून दिली. आठवड्याने पापुद्रे सुटायला लागले. खालून गुलाबी, मऊ कातडी निघाली. माझ्या हातांवर कोपरापर्यंत लाल पुरळ उठलं. ते आपोआप जाईल, असं डॉक्टर म्हणाले. मी पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज घालून शाळेत जात होते. खाज आली की फळ्याकडे तोंड करून खाजवायची.

शाळेत सगळ्यांना माहीत झालं होतं. सहकारिणीने तो फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला होता. खाली फार्महाऊसचं नाव, आणि लिहिलं होतं, 'आमच्या बाईंनी दिलं मुक्या जिवांना जीवदान.' मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर माझ्यासाठी टाळ्या वाजवायला सांगितल्या. समोर दोन-अडीचशे मुलं टाळ्या वाजवत होती आणि मी हात जोडून उभी होते.

दुसरी सुई झाल्यावर सहकारी स्टाफरूममध्ये हसत आली. "बाई, कळलं का? तो फोटो फार्महाऊसच्या मालकापर्यंत पोचला. त्याने त्या बाईला कामावरून काढलं. बरं झालं! जनावरांचे असे हाल करतात म्हणजे काय?"

माझ्या हातात तपासायच्या वह्या होत्या. मी त्या खाली ठेवल्या आणि घरी निघून गेले. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

त्या संध्याकाळी मी मुलीला फोन केला. सगळं सांगितलं. कानामागचा ठिपका, फिरवून ठेवलेला पिंजरा, तेल, थोरली, टाळ्या. ती रडली. तिला बोलता आलं तेव्हा म्हणाली, "आई, तू मला जुने फोटो पाठवत होतीस, हे मला तेव्हाच कळलं होतं. मागे आपला केव्हाच काढून टाकलेला जुना पडदा दिसायचा. मला वाटलं, विचारलं तर तुला लाज वाटेल." मग थोड्या वेळाने, "त्या काकूंना शोध तू."

फार्महाऊसच्या माळ्याकडून कळलं, की ती साजगावला एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला लागली होती, बहिणीकडे राहत होती. रविवारी मी गेले. ती दारात तांदूळ पाखडत बसली होती. मला बघून उठली नाही. सुपातले हातही थांबले नाहीत.

"मी सांगायला आले," मी म्हणाले. "आजार माझ्या घरूनच आला होता. तुम्ही विचारलं होतं, तेव्हा मी खोटं बोलले."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "आल्यावर दोन दिसांत कान बघितला मी तिचा. मला वाटलं, बाईंच्या ध्यानात आला नसंल. मंग सहलीला तुमी मान वळवलीत, तवा समजलं."

"तुम्ही मालकाला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की! ही फोटूतल्या बाईंचीच जनावरं म्हनून सांगितलं. तो म्हनला, खोटं बोलू नको, शाळेतली बाई असं करील व्हय?" तिने सूप खाली ठेवलं. "बाई, काम गेलं त्याचं नाय काय. काम हितं बी हाय. पर साऱ्या गावात झालं, की हिनं मुकी जनावरं मारली. पोरगी सासरी हाय माजी. तिच्या सासूनं फोन करून विचारलं."

मला रडू आलं. तिने पाणी दिलं नाही, समजूतही काढली नाही.

"मी काय करू?" मी विचारलं.

"फोन लावा मालकाला. आत्ता. माज्या म्होरं."

मी लावला. ती ऐकत होती. मी सगळं सांगितलं, अडखळत, पण एकही गोष्ट न गाळता. मालक म्हणाला, "बरं बरं मॅडम, झालं ते झालं," आणि त्याने फोन ठेवला. तिला परत बोलावतो असं तो म्हणाला नाही. तिलाही तिथे जायचं नव्हतं. "त्याला कळलं, बास," ती म्हणाली. "आता त्या फोटूखाली बी लिवा. माज्या येहीनबाईच्या फोनात बी हाय तो."

त्याच रात्री ग्रुपवर मी पाच ओळी लिहिल्या. जनावरं माझी होती, आजार लपवून मी ती दिली, सांभाळणाऱ्या बाईंचा दोष नव्हता, उलट उपचार त्यांनीच केले. मग एका पालकांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि लिहिलं, 'कबूल करायला मोठं मन लागतं.' खाली आणखी आठ-दहा जणांनी तसंच. तेही वाचवेना. सहकारी मात्र दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली. तिचं ते वागणं मला बरोबर वाटलं.

तिसऱ्या सुईनंतर दोघींच्या पाठीवर तपकिरी लव आली. मार्च संपेपर्यंत केस पूर्ण भरले. मधेच एका रविवारी ती बाई बाजाराला कर्जतला आली, ती घर विचारत विचारत माझ्या दारात. आत आली, चप्पल काढली आणि सरळ पिंजऱ्याशी बसली. धाकटीला उचलून तिने तिचा कान मागे केला, बोटाने केस पांगवून कातडी नीट निरखली, मग दुसरा कान. मधलीचं पोट बघितलं. दोघी तिच्या मांडीवर गप्प बसून राहिल्या. माझ्या मांडीवर अजून तशा बसत नाहीत.

"चहा टाकते," मी म्हणाले.

"नको. टेंपो जाईल माजा."

ती गेली. दाराशी मी पुन्हा माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने हात वर केला आणि पायऱ्या उतरली.