धोंड्याचा महिना आणि स्टुडिओ खोली

ती केस आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग डोकं चालेनासं होतं. चोऱ्या, मारामाऱ्या, बांधावरून फुटलेली डोकी, सगळं मी नोकरीत पाहिलं. पण तपास पुरा झाला तरी तपास कशाचा केला हे साहेबाला, म्हणजे मलाच, समजलं नाही, असं प्रकरण हे एकच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जालन्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो आणि अधिक ज्येष्ठ चालू होता, म्हणजे धोंड्याचा महिना. या महिन्यात आमच्याकडे जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, आहेर करतात. हा महिना येतो तीन वर्षांतून एकदा. त्यात मानपान चुकला तर पुढचा अधिक येईपर्यंत पोरीला टोमणे ऐकावे लागतात. त्यामुळे या महिन्यात ठाण्यात चोरांपेक्षा जावई जास्त येतात.

सकाळची हजेरी आटोपून मी टेबलावर बसलो होतो. हसनाबादकडचे एक बागाईतदार तक्रारअर्ज घेऊन आले. साठीचे गृहस्थ, परीटघडीचं धोतर, चेहरा मात्र उतरलेला.

"साहेब, चारशे वीस लावा."

"कुणावर?"

"सुट्टीवाल्यावर."

मी त्यांना बसवलं आणि पाणी दिलं. हळूहळू उलगडा झाला, म्हणजे मला तसं वाटलं. या काकांनी एका कंपनीचं सभासदत्व घेतलं होतं. एकदा पैसे भरायचे आणि पुढं कित्येक वर्षं, दर वर्षी एक आठवडा, थंड हवेच्या ठिकाणी कंपनीच्या रिसॉर्टमध्ये राहायचं. काकांनी ठरवलं, यंदाचा धोंडा तिथंच. जावई, व्याही, विहीण, जावयाची भावंडं, अशी जीपभर मंडळी घेऊन ते डोंगरावर गेले. तिथं त्यांच्या नावावर निघाली एक खोली. तिला म्हणे स्टुडिओ म्हणतात.

"येकच खोली, साहेब. त्यातच पलंग, त्यातच स्वैपाकाचा कोपरा. म्यानेजर म्हणला, दोन मोठे, दोन लेकरं, बाकीचे भायेर. आमच्या इहीणबाई बोचक्यावर बसून राह्यल्या. आमच्या मंडळीनं, पोरीच्या मायनं, त्या टीचभर शेगडीवर धोंडे तळायला घेतले तर धूर झाला न् भोंगाच वाजला."

जावई तिथंच कडाडला होता, "हा धोंडा हाये का थट्टा?" आणि आईबापाला घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परतला होता. बायकोला मात्र तो तिच्या बापाजवळ ठेवून आला. जाताना म्हणाला, तुझ्या बापाला मोठ्या खोलीचा खर्चा जड झाला, तर राहा त्याच्याकडंच.

"पोरगी घरात बसून हाये," काका म्हणाले. "अधिक सरायच्या आत तिला नांदायला धाडायचीय. तुमच्या कागदावर आलं का मला फशिवलं, म्हंजे त्याह्यला पटंल मी कंजूष न्हाई म्हणून. दुसरं काई नको."

मला वाटलं, सोपं काम आहे. त्याच दुपारी खबऱ्यानं खबर आणली. "साहेब, ते सुट्टीवाले स्टेशन रोडच्या हॉटेलात परत आल्ते, उद्याबी हायेत. लाल, पांढरं, निळं असं कायतरी बोलून राह्यलेत. आठवडे विकतेत. आन् नवराबायको जोडीनं असंल तरच आत घेतेत, एकट्याला हाकलतेत."

आठवडे विकतात. रंगांची भाषा बोलतात. फक्त जोडपी आत घेतात. माझ्या मिशा फुरफुरल्या. विक्रेत्याला सरळ ठाण्यात बोलावता आलं असतं, पण मला तो रंगेहाथ हवा होता. दुसऱ्या दिवशी साध्या वेशात मी आणि हवालदार त्या हॉटेलच्या दारात उभे. दारातल्या बाईंनी आम्हा दोघा मिशाळांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि विचारलं, "मिसेस कुठायत?" हवालदारानं मान खाली घातली. मी स्कूटर काढली आणि घरी जाऊन बायकोला म्हणालो, "साडी बदल, तपासाला जायचंय."

आत गार हवा, सरबत, भिंतीवर धबधब्यांची चित्रं. टाय लावलेला एक औरंगाबादचा तरुण आमच्या टेबलाशी बसला आणि त्यानं तोंडाचा पट्टा सुरू केला. स्टुडिओ म्हणजे काय, वन बेडरूममध्ये दिवाणखान्यातला सोफा उलगडला की किती जण झोपतात, टू बेडरूममध्ये किती. लाल हंगाम गर्दीचा, पांढरा मधला, निळा उतरता. यंदा नाही गेलात तर दिवस पुढच्या वर्षी. आठवडा तोडून वापरता येतो. स्वतः न जाता पाहुणे पाठवता येतात. इथला आठवडा देऊन दुसरीकडचा घेता येतो. हे सगळं आधी वेगवेगळं होतं, मग माझ्या डोक्यात एकत्र झालं आणि त्याचं पिठलं झालं. मधेच उठून ओळखपत्र दाखवायचं हा माझा बेत होता. पण कोणत्या वाक्यावर उठायचं तेच कळेना, कारण गुन्हा नेमका कोणत्या वाक्यात होता?

"सर, कळलं ना?" तो दर दोन मिनिटांनी विचारी.

"हो हो, बिलकुल," मी म्हणे, आणि मान हलवी.

शेवटी हजर राहिल्याबद्दल त्यानं आम्हाला एक हॉटपॉट भेट दिला. आयुष्यात अनेक छापे घातले, पण छाप्यावरून पोळ्यांचा डबा घेऊन परतलो तो तेवढाच.

स्कूटरवर मागून बायको म्हणाली, "अहो, निळ्यावाल्याला लालमधी खोली भेटती का?"

"भेटत असेल."

"असेल? मंग मघापासून नंदीबैलासारखी मान काय हलवीत होते? विचारायचं न्हाई का?"

"तू शेजारी बसलेली. तुझ्यासमोर काय विचारू, मला काही कळत नाही म्हणून?"

बोलून गेलो आणि मी स्कूटर थांबवली. काकांनी पैसे भरले त्या दिवशी त्यांच्या शेजारी कोण बसलं होतं?

दुसऱ्या दिवशी मी काकांना आणि त्या टायवाल्या विक्रेत्याला ठाण्यात बोलावलं, काकांना विकणाराही तोच निघाला, आणि हाच पहिला प्रश्न केला. काकांनी टोपी काढून तिची घडी घातली.

"जावई होते," ते म्हणाले. "जोडीबिगर घेत न्हाईत, आन् आमची मंडळी यायला लाजली, म्हणून लेक-जावयाला संगं नेल्तं. जावई पुण्याला शिकेल हायेत. तेच म्हणले, हेच घ्या, बराबर हाये. आता जावयानं हां म्हणल्यावर सासऱ्यानं विचारायचं का, बाबा, हिच्यात माणसं किती मावतेत? त्याह्यचा शब्द खाली पाडायचा का?"

विक्रेता कळवळून म्हणाला, "साहेब, मी सांगितलं होतं, दोन मोठे, दोन लहान. ते जावई म्हणाले, माहितीय, पुढं बोला."

झालं. फसवणूक नाही, आरोपी नाही. सगळा घोटाळा मानाचा. हे जसंच्या तसं जबाबात लिहिलं तर जावई चारचौघांत उघडा पडणार आणि पोरगी कायमची माहेरी. आणि काका म्हणतात तसं चारशे वीस लावलं तर हे टायवालं पोर विनाकारण आत.

काकांना बाहेर बाकावर बसवून मी विक्रेत्याची उलटतपासणी घेतली. सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. पंखा मोठा केला, टाय सोडायला लावला, तो दमला, मी दमलो. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "त्यांनी एकच दिवस वापरलाय. उरलेले दिवस शिल्लक आहेत. ते लाल हंगामाचे आहेत, म्हणजे आता जूनच्या उतरत्या हंगामात घेतले तर त्याच बदल्यात टू बेडरूम मिळू शकते. वरून मंजुरी लागेल, ती मी आणतो."

"अरे मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"त्यांना सांगितलं होतं, साहेब. काल तुम्हालाही सांगितलं. तुम्ही मान हलवली."

मी विषय बदलला. मंजुरी आली. अधिक सरायला अजून थोडा अवकाश होता. मी काका आणि विक्रेत्यासमोर जावयाला बोलावलं. शहरातच, मस्तगड भागात, त्याचं विजेच्या सामानाचं दुकान. आला तो छाती काढून. मी आधीच पढवून ठेवल्याप्रमाणे विक्रेता म्हणाला, "माझ्या सांगण्यात कमी-जास्त झालं असेल."

"तेच तं मी म्हणत होतो," जावई म्हणाला, "ह्या लोकायचं काई खरं नसतंय."

विक्रेत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. काकांना एका वाक्यात सगळा हिशेब चुकता करता आला असता. ते एवढंच म्हणाले, "आता मोठी खोली भेटली हाये, जावईबापू. इहीणबाईला घेऊन यावं."

अर्जावर मी शेरा मारला: गैरसमजातून अर्ज, समेट झाला, कारवाईची गरज नाही.

मंडळी गेली, धुक्यात बसून धोंडे खाल्ले आणि पोरगी तिथूनच परस्पर सासरी निघाली. परतीच्या वाटेवर जीप ठाण्याबाहेर थांबली. काका पेढे देऊन गेले. त्यांच्या मागून जावई एकटाच आत आला.

"साहेब, त्या कागदावर माझं नाव आलं का?"

"नाही."

"सासऱ्याला ध्यानात होतं ना, हेच घ्या म्हणून मीच म्हणलो होतो ते?"

"पहिल्या दिवसापासून."

तो वळला आणि बाहेर गेला. जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची मानाची जागा जावयाची. खिडकीतून मला दिसलं, त्यानं पुढचं दार उघडलं, सासऱ्याच्या कोपराला हात लावून त्यांना तिथं बसवलं आणि स्वतः मागं बोचक्यांत जाऊन बसला.

या केसनं मला एवढं शिकवलं की माणूस न कळल्यामुळं फसतो त्यापेक्षा, कळलं नाही हे शेजारच्याला दिसू नये म्हणून जास्त फसतो. ही गोष्ट अडाण्याला लागू, पुण्याला शिकलेल्याला लागू आणि ठाण्याच्या प्रभाऱ्यालाही. तेव्हापासून कुणाचाही जबाब घ्यायच्या आधी मी त्याच्या सोबत आलेल्या माणसाला चहाला पाठवू लागलो. समोरच्या टपरीवरची माझी उधारी वाढली, पण जबाब खरे येऊ लागले.