संत ज्यूड अजून माझ्याकडेच आहेत

टॅक्सी दोनला सांगितली होती, ती दीडलाच येऊन उभी राहिली. ड्रायव्हर म्हणाला, घाटात ट्रॅफिक असतं, लवकर निघालेलं बरं. मी बॅगेवर बसले होते आणि आई चेन ओढत होती. आत तिने काळा मसाला, लोणचं, आणि मला न विचारता एक लाकडी पोळपाट कोंबला होता. आयर्लंडला पोळपाट मिळत नसतील अशी तिची खात्री होती, आणि ती खरीच निघाली म्हणा. दारात सगळी कॉलनी जमली होती. नाशिक रोडच्या त्या कॉलनीत आम्हा कॅथलिकांची बारा-पंधरा घरं, पण त्या दुपारी कोण कुठल्या धर्माचं हे बघायला कोणाला वेळ नव्हता. जो तो बॅगेवर आपलं वजन टाकून बघत होता.

चेन लागली तेवढ्यात शेजारची लुसीमावशी ओल्या हाताने धावत आली. "थांब, थांब. मान खाली कर," म्हणाली, आणि स्वतःच्या गळ्यातला काळा दोरा काढून तिने माझ्या गळ्यात घातला. दोऱ्यात पदक होतं. आई एकदम गंभीर झाली. "अगं लुसी, बाळाचं वजन वाढलं का पण?" तिने विचारलं. "वाढलं ना. आता हिची पाळी," मावशी म्हणाली. मग मला म्हणाली, "तुझं तिकडं बस्तान बसलं की पाठवून दे. घाई नाय."

हे पदक म्हणजे काय प्रकरण आहे ते आमच्या कॉलनीबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. चिंचोक्याएवढं, अॅल्युमिनियमचं, संत ज्यूडचं पदक. फार पूर्वी कॉन्व्हेंटातल्या एका म्हाताऱ्या सिस्टरने कोणाला तरी दिलेलं. संताचा चेहरा झिजून सपाट झालाय, डोक्यावरची ज्योत तेवढी बोटाला लागते. संत ज्यूड हा ज्याचे सगळे उपाय थकले त्याचा कैवारी. येशूला धरून देणाऱ्या यहूदाशी त्याचं नाव जुळतं, म्हणून पूर्वी लोक त्याचा धावा करायला कचरायचे, असं सांगतात. आई म्हणायची, "बाकीच्या संतांकडं रांगा असतात. ह्याच्याकडं वेळ हाय."

ते पदक कोणा एकाचं नाही. ज्याच्या घरी मोठं संकट, त्याच्या गळ्यात ते राहतं. संकट टळलं की त्याने नवा दोरा ओवून, रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर, त्या वेळी सगळ्यांत जास्त अडचणीत असेल त्याला आपल्या हाताने द्यायचं. नियम एकच, पण कडक. पदक कोणी मागायचं नाही. ज्याच्याकडे आहे त्यानेच ठरवायचं की माझं मिटलं. लुसीमावशीची नात सातव्या महिन्यात जन्मली तेव्हा तिच्या गळ्यात घालणार कसं, म्हणून ते काचेच्या पेटीच्या कोपऱ्याला बांधलं होतं. एकदा एकीला पोरीच्या बारावीसाठी मिळालं, तर आई आठवडाभर धुसफुसत होती. बारावी हे काय संकट झालं का, तिचं म्हणणं. आमच्या फादरांना हा सगळा प्रकार फारसा पसंत नव्हता. पदक म्हणजे ताईत नव्हे, ते प्रार्थनेची आठवण करून देण्यासाठी असतं, असं त्यांनी एकदा प्रवचनात सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि बाहेर आल्यावर पदक एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेलं.

माझं संकट काय, तर पप्पा गेले होते, घरात मी आणि आई दोघीच, आणि ती सिस्टरांच्या बोर्डिंगात पन्नास मुलींच्या भाकऱ्या थापत होती. मी म्हाताऱ्या-आजाऱ्यांची देखभाल शिकवणारा केअररचा कोर्स केला आणि निघाले. जाणं हेच संकट, असं कॉलनीने परस्पर ठरवून टाकलं होतं. मला मनातून हसू आलं होतं. मला वाटलं होतं, सहा महिन्यांत पाठवून देईन.

इथे मी एका छोट्या गावातल्या वृद्धाश्रमात काम करते. रोटा, म्हणजे ड्युट्यांचा तक्ता, येतो तसं जायचं, आधीच्या पाळीकडून हँडओव्हर घ्यायचा, मग एकेकाला उठवणं, धुणं, कपडे घालणं, भरवणं. पहिल्या हिवाळ्यात मला कोणाचं इंग्लिश कळेना आणि माझं त्यांना. खोलीत कपडे हीटरवर वाळत घालायचे आणि त्या ओलसर वासात बसून पोळ्या लाटायच्या. दिवसभर लोकांना हात लावायचं काम, पण मला कोणी हात लावत नाही, हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस गेले. आमच्याकडे भाजीवालीसुद्धा बोलता बोलता दंडाला धरते. इथे लोक चांगले आहेत, दार उघडून धरतात, हवेबद्दल बोलतात आणि जातात. मी कॅथलिक देशात चालले म्हणून लुसीमावशीला माझा हेवा वाटला होता. मी पहिल्या रविवारी गेले तेव्हा एवढ्या मोठ्या चर्चमध्ये आम्ही सतरा जण होतो, आणि सतरा जण सतरा वेगवेगळ्या बाकांवर.

ड्युटीवर गळ्यात काही घालायला परवानगी नाही. पदकाचं काय करायचं हे मला नोराने शिकवलं. नोरा ही नव्वदीतली शेतकरीण, माझ्याच मजल्यावरची. तिच्या बनियनला आतून सेफ्टी पिनने तीन पदकं लावलेली असायची. रोज कपडे बदलताना ती या बनियनवरून त्या बनियनवर लावायची. बाकीच्या मुली घाईत असायच्या, पदकं बनियनसकट लाँड्रीत जायची आणि नोरा दिवसभर छाती चाचपत बसायची. मी कधी विसरले नाही. मीही माझं पदक युनिफॉर्मच्या आत पिनने लावायला लागले. तिने एकदा ते बघितलं, ज्योतीवर बोट फिरवलं आणि "ज्यूड," म्हणाली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "इतकं वाईट आहे का गं?" पाच वर्षांत मला हा प्रश्न विचारणारी ती एकटीच.

आईला मी सांगायचे, एकदम छान आहे. आठवड्यातून तीनदा व्हिडिओ कॉल, आणि दर वेळी एकदम छान. मैत्रिणी झाल्या, केक कापला, समुद्र बघितला. त्यातला समुद्र खरा होता. पदक परत पाठवायला दर वर्षी कोणी ना कोणी नाशिककडे जाणारं भेटायचं, आणि मी काहीतरी कारण काढायचे. खरं कारण मला चांगलं माहीत होतं. पाठवलं की माझं मिटलं असं होणार होतं, आणि माझं काही मिटलेलं नव्हतं. पण मिटलं नाही म्हटलं असतं तर आई म्हणाली असती, ये परत. म्हणून मी दोन्ही केलं नाही. नियमात नव्हतं असं काहीतरी मी केलं, पदक दाबून ठेवलं. घरी जायचंही टाळलं. सुट्टी नाही, वर्क परमिटचं काम अडलंय, असं सांगत राहिले.

मधल्या एका वर्षी आई कॉलवर नेहमी डोक्यावरून पदर घेऊन बसायला लागली. आमच्यात बायका चर्चमध्ये डोक्यावर पदर घेतात, त्यामुळे मला वाटलं, आत्ताच मिस्साहून आली असेल. मी तिची चेष्टाही केली, "रोज जातेस की काय? सिस्टर व्हायचा विचार आहे का?" ती हसली. "हां, आत्ताच आले," म्हणाली. सात-आठ महिने मी हेच समजून चालले की वयानुसार आई देवभोळी होत चालली आहे.

त्यानंतरच्या वर्षी नोरा गेली. तिची मुलगी मोठ्या शहरातून आली, खोली रिकामी केली, माझे आभार मानले. तीन आठवड्यांनी गावातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात मी गरम टोपी बघायला गेले. काउंटरवर ब्रोच आणि तुटक्या कानातल्यांचा एक ट्रे होता, आणि त्यात नोराची तीनही पदकं, तिच्याच सेफ्टी पिनला. मी ती उचलली. दुकानातली बाई म्हणाली, गोड आहेत ना? मी ती परत ठेवली. विकत घेता आली असती, पण मला ती कोणी दिली नव्हती. बाहेर बसस्टॉपवर बसून मी रडले, चांगला अर्धा तास. बसची वाट बघणाऱ्या माणसाने सभ्यपणे तोंड दुसरीकडे फिरवलं. त्या संध्याकाळी मी सुट्टीचा अर्ज भरला.

घरी आले ती रात्र कौतुकात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आई आंघोळीहून आली आणि माझ्याकडे पाठ करून ब्लाउज घालायला लागली. तिने डाव्या हाताने उजवा हात धरला, तो आधी बाहीत सरकवला, मग डावा घातला. केअररच्या कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात आम्हाला हेच शिकवतात. दुखरा हात आधी घालायचा, काढताना शेवटी काढायचा. मी हे रोज दहा माणसांना करते. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

"कधी झालं?" मी विचारलं.

तिने कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. पदर सारखा करत म्हणाली, "दोन वर्षं झाली. छातीत गाठ होती, काढली. औषधानं केस गेले ते आले परत. आता काय नाय."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू तरी मला कुठं काय सांगितलं?"

पदर आठवला, माझी चेष्टा आठवली. पदक माझ्या गळ्यात होतं, कुडत्याच्या आत, आणि ते मला तिथे नकोसं झालं. मी म्हटलं, "तुला हवं होतं तेव्हा हे माझ्याकडे होतं."

"लुसी म्हणत होती, मागवून घेऊ. मी नाय म्हटलं. मागायचं नाय असं ठरलंय ना? आन् तुझं अजून मिटलं नव्हतं."

"तुला काय माहीत? मी तर दर वेळी छान म्हणायचे."

आईने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी परत दहा वर्षांची झाले. "पदक आलं का परत?" ती म्हणाली.

म्हणजे पाच वर्षं मी केकचे फोटो पाठवत होते आणि सगळी कॉलनी ते बघून न बघितल्यासारखं करत होती. मी दोरा गळ्यातून काढला आणि तिच्या गळ्यात घालायला पुढे झाले. तिने माझं मनगट धरलं, उजव्याच हाताने. पकड हलकी होती.

"माझं मिटलं. डॉक्टर म्हणाले, आता सहा महिन्यांनी दाखवा. तुझं मिटलं का? खरं सांग."

"नाही," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हटलं.

"मग घाल गळ्यात. यायचं तर ये, राहायचं तर राहा, तुझं तू बघ. पण मला छान-छान सांगू नको आता."

मी राहायचं ठरवलं आहे, निदान अजून काही वर्षं. माझ्या मजल्यावर चौदा जण आहेत, त्यातले चौघे माझ्याच हातून जेवतात. आता आईला मी खरं सांगते. ती ऐकून घेते, कधी कधी रागावते, आणि तिचा हात कुठवर वर जातो ते मला कॉलवर करून दाखवते. एकटेपणा गेलेला नाही, आणि जाईल असं मी आता कोणाला सांगतही नाही. जे माझ्यासारखे निघून गेलेत आणि घरी छान-छान सांगत असतात, त्यांना एवढंच म्हणेन की मागे राहिलेल्यांना तुम्ही समजता त्यापेक्षा बरंच काही कळतं.

पण मला सांगायचं आहे ते त्या सुट्टीतल्या रविवारचं. मी आणि आई चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसलो होतो. विनंत्यांच्या वेळी लुसीमावशी पुढे जाऊन वहीतून वाचायला लागली. आजाऱ्यांसाठी झालं, परीक्षेच्या मुलांसाठी झालं. मग ती सवयीने वाचून गेली, "आपली ग्रेसी परदेशी आहे. तिचं तिकडं बस्तान बसावं, तिला माणसं मिळावीत, म्हणून प्रार्थना करू या." ग्रेसी म्हणजे मी. वाचता वाचता तिने मान वर केली आणि मला बघून अडखळली. तिची नजर माझ्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यावर गेली. तिने ओळ खोडली नाही. मी आईला हळूच विचारलं, कधीपासून? "तू गेल्यापासून," आई म्हणाली, "दर रविवारी." तिकडे मी सतरा बाकांपैकी एकावर बसायचे तेव्हा इकडे माझं नाव घेतलं जात होतं. मी आता घरी आले होते, आणि घराने माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती ती दूर असलेल्या माणसाची. दुसरी कुठली जागा आता माझी नव्हती, आणि पदकासारखी हीसुद्धा कोणी माझ्याकडे परत मागत नव्हतं. सगळे एका आवाजात म्हणाले, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक. माझ्याकडे वळून कोणी बघितलंसुद्धा नाही. मग मीही हात जोडले आणि परदेशातल्या त्या ग्रेसीसाठी त्यांच्याबरोबर म्हटलं.