मामांचा पाण्यावरचा कॉम्प्युटर

थंड डोक्याची माणसं जगात पुष्कळ असतील, पण दुसऱ्याचं डोकं थंड राहावं म्हणून स्वतःचं सदैव तापवून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझ्या बायकोचे मामा, आणि ते दुसरं डोकं म्हणजे त्यांच्या लालबागच्या खोलीतला एक जुना कॉम्प्युटर.

मामा मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, मामा स्वतः विमा कंपनीत नोकरी करून निवृत्त झाले. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा त्यांनी मला वाकून नमस्कार करू दिला, आशीर्वाद दिला, आणि मी सरळ उभा राहतोय तोवर खिशातून ताप मोजायचं ते पिस्तूल काढून माझ्या कपाळावर रोखलं. आकडा पाहून समाधानाने म्हणाले, "उत्तम. बसा जावईबापू." हे पिस्तूल त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असे. चहा आला की आधी चहावर रोखायचं, मग बशीवर. बाजारात त्यांनी ते एकदा पापलेटावर रोखलं, तेव्हा कोळणीने शांतपणे सांगितलं की माशाला ताप नाही, घ्यायचा असेल तर घ्या, नाहीतर डॉक्टरकडे न्या. मामा त्या दिवशी दोन पापलेटं जास्त घेऊन आले, कारण तिचा मुद्दा त्यांना पटला होता.

कुठलंही यंत्र आपल्या कुवतीपेक्षा कमी काम करतंय हे त्यांना बघवत नसे. कोणाच्या घरी गेले की चहा येईपर्यंत ते स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसायला लागलेले असत. दादरला एका लग्नात त्यांना दिसलं की हॉलमधला मोठा उभा पंखा भिंतीला वारा घालतोय. ते उठले आणि त्यांनी तो नवरानवरीकडे वळवला. नेमकी त्याच क्षणी मंगलाष्टकं संपली आणि सगळ्या अक्षता उलट येऊन टाकणाऱ्यांच्याच डोक्यावर पडल्या. मुलीकडची माणसं बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. मामांचं म्हणणं एवढंच होतं की पंखा पहिल्यापासून नीट ठेवला असता तर लोकांनी अक्षता अंदाज घेऊन टाकल्या असत्या.

तो कॉम्प्युटर त्यांच्या मुलाचा. नोकरीसाठी कॅनडाला जाताना तो इथेच ठेवून गेला. एका बाजूला काच, आत रंगीत दिवे, आणि मेंदू थंड ठेवायला पाण्याची सोय. म्हणजे एक छोटा पंप चिपवरून पाणी फिरवतो, ते गरम पाणी रबरी नळीतून एका जाळीत जातं, जाळीला पंखे वारा घालतात आणि पाणी थंड होऊन परत येतं. मोटारगाडीत असतं तसंच. मुलाने ही सोय लॅमिंग्टन रोडवरून, होती त्यातली सगळ्यात स्वस्त आणि तीही वापरलेली, आणली होती. मामा या सगळ्या थाटावर पत्ते खेळत. एका माणसाने एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव, आणि त्याच्या दिमतीला दिवे, पंप आणि वाहतं पाणी. पेशव्यांनाही हे सुख नसेल.

मग मामींचा हात थरथरायला लागला. मामी म्हणजे चाळीच्या अवघ्या गॅलरीत नाव असलेली बाई; त्यांचे घावणे इतके पातळ की पलीकडचं दिसावं. त्यांच्या हातातल्या कपबशीचा आवाज यायला लागला तेव्हा पहिले काही दिवस सगळ्यांनी तो ऐकूच येत नसल्यासारखं केलं. शेवटी परळच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नीट समजावून सांगितलं की मेंदूत एक प्रथिन असतं, त्याची घडी चुकीची पडायला लागते. का पडते ते अजून पुरतं कळलेलं नाही. औषधाने त्रास आटोक्यात राहील, जाणार नाही. मामांनी विचारलं, मग हे शोधतंय कोण? डॉक्टर सहज बोलून गेले की पुष्कळ जण शोधताहेत, परदेशातले काही शास्त्रज्ञ तर लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरांचीही मदत घेतात. हिशेब इतका प्रचंड असतो की तो वाटून घ्यावा लागतो.

डॉक्टरांनी पुढे पथ्य सांगितलं, व्यायाम सांगितला, पण ते सगळं माझ्या बायकोने लक्षात ठेवलं. मामा त्या एका वाक्यापाशीच थांबले होते. त्याच आठवड्यात पत्त्यांचा डाव बंद झाला आणि कॉम्प्युटर कुठल्याशा विद्यापीठासाठी प्रथिनांच्या घड्या मोजायला बसला.

आता असा हिशेब म्हणजे कॉम्प्युटरला छाती फुटेस्तोवर पळवणं. मुंबईतला मे महिना, वर पत्रा तापलेला, आणि ते खोकं टीव्हीच्या कपाटात कोंबलेलं. चिप तापली की ती स्वतःला जपायला वेग कमी करते, हे मामांना कळलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला फोन करून म्हणाले, "जावईबापू, हा तर अर्ध्या ताकदीने काम करतोय. आणि आपण निवांत झोपतो."

तिथून पुढे ते घर घर राहिलं नाही. खोकं कपाटातून बाहेर काढून खिडकीशी आलं. जाळीत गोधडीचा इतका कापूस निघाला की मामींच्या मते त्यात एक उशी भरली असती. चिप आणि पंप यांच्यामध्ये एक राखाडी लेप लावावा लागतो, तो मामांनी पहिल्यांदा श्रीखंडासारखा भरपूर लावला आणि चिप होती त्याहून तापली. मामी खाटेवरून बघत होत्या. म्हणाल्या, "पानाक चुनो लावतत तसो लावा." मामांनी तसा लावला आणि आकडा खाली आला. पंख्यांचा वारा नक्की कुठून कुठे जातो ते बघायला त्यांनी सगळ्या फटींशी उदबत्ती फिरवली. शेजारच्या काकू दारातून ते पाहून चप्पल काढून आत आल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या. एक पंखा उलटा बसवलेला आहे हा शोध त्या दिवशी लागला आणि काकूंना खडीसाखर मिळाली.

धूळ अडवायला बारीक जाळीचं कापड हवं होतं, म्हणून ते मला घेऊन हिंदमाताच्या कापडबाजारात गेले. दुकानदाराने गाद्यांवर बसवलं, थंड पाणी दिलं. मामा प्रत्येक कापड ओठांशी धरून जोरात फुंकर मारत आणि पलीकडे माझा हात धरत. "येतोय वारा?" मी म्हणायचो थोडा येतोय. दुकानदाराने बिचाऱ्याने विचारलं, मुलीचं वय काय, रंग कसा? मामा म्हणाले, रंग काळा, पण आत दिवे आहेत. शेवटी नवरीच्या घागऱ्याला आतून लावतात ती जाळी पसंत पडली. तेव्हापासून तो कॉम्प्युटर घागरा नेसून होता.

पंपातून गुळगुळ आवाज यायचा, म्हणजे नळीत हवा अडकलेली. ती काढायला मामा ते खोकं मांडीवर घेत आणि डावीउजवीकडे सावकाश कलवत बसत. काकूंनी गॅलरीतून डोकावून विचारलं, काय चाललंय? मामी म्हणाल्या, "निजवतत तेका."

सगळ्यात मोठी सुधारणा मात्र पुठ्ठ्याची. जाळीतून येणारी गरम हवा खोलीतच फिरते आणि तीच परत आत ओढली जाते, हे ध्यानात आल्यावर मामांनी पुठ्ठ्याचा एक बोगदा करून ती खिडकीवाटे थेट गॅलरीत सोडली. गॅलरीत ओरड झाली. पण पुढे श्रावण आला, कोणाचेच कपडे वाळेनात, आणि एके दिवशी काकूंनी हळूच एक ओला टॉवेल बोगद्यासमोर धरला. त्यानंतर तिथे रांग लागायला लागली. जगातल्या कुठल्या प्रयोगशाळेने एवढे परकर वाळवले असतील असं मला वाटत नाही.

त्यामुळे कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा पहिल्यांदा ते कळलं गॅलरीला. कपडे ओले राहिले. दुसऱ्या दिवशीही राहिले. मग मामींचा मला फोन आला, जमलं तर येऊन जा.

मी गेलो तेव्हा खोक्यावर चादर टाकलेली होती आणि मामा खिडकीबाहेर बघत बसले होते. पिस्तूल काढलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, पंपात पाणी उरलं नाही, वर्षानुवर्षं नळीतून उडून गेलं असणार. या स्वस्तातल्या वस्तू, पुन्हा भरण्यासाठी केलेल्याच नसतात. मी म्हणालो, मग नवीन आणू. त्यांनी चादर जरा खाली ओढली. मामी चहा करायला उठल्या तसे ते घाईने उठून स्वतः ओट्याशी गेले, तेव्हा मला मामींनीच सांगितलं. दोन दिवसांपूर्वी दोघं डॉक्टरांकडे जाऊन आले होते. मामींच्या गोळ्या वाढवल्या होत्या. घरी आल्यावर मामांनी बंद पडलेला कॉम्प्युटर उघडून बघितला आणि चादर टाकली.

मामा चहा घेऊन आले. मामींनी कप घेतला नाही. त्यांनी विचारलं, "एक सांगा. ह्या केल्यान माझो हात थांबतलो?"

मामा आयुष्यभर लोकांना विम्याच्या अटी समजावून सांगत आलेले, पण हे त्यांनी हातातल्या कपाकडे बघत सांगितलं. "तुझो नाय. कोणाचो तरी थांबतलो. कधीतरी."

"मगे चादर काढा," मामी म्हणाल्या.

मामांनी चहा प्यायला, चष्मा पुसला आणि मला बॅटरीवाल्याकडून शुद्ध पाणी आणायला पिटाळलं. मी परत येईपर्यंत त्यांनी जाळीच्या टोकाचा एक बारीक स्क्रू शोधून काढला होता. कंपनीने त्यावर कागद चिकटवून तो लपवला होता. मी टॉर्च धरला. मामा इंजेक्शनच्या सिरिंजने थेंब थेंब पाणी सोडत होते, पण आत हवा अडून बसलेली, पाणी आत जाईना. त्यांनी जाळी हलवून पाहिली, बोटाने टिचक्या मारल्या. मामी खुर्ची ओढून जवळ आल्या आणि त्यांनी आपला उजवा हात त्या जाळीवर नुसता ठेवला. हात आपला थरथरत होता. थोड्या वेळाने एक बुडबुडा वर आला, मग दुसरा, मग ओळीने येतच राहिले. मामी हसल्या. म्हणाल्या, "खंय तरी कामाक इलो माझो हात."

मामा मान खाली घालून पाणी सोडत राहिले. चष्म्यावर थेंब कसले होते ते मी पाहिलं नाही.

कुठे गळत नाही ना ते बघायला त्यांनी नळ्यांखाली वर्तमानपत्रं पसरून नुसता पंप एक दिवस चालवला. कागद कोरडा राहिला. मग लेप, पंखे, घागरा, बोगदा सगळं जागच्या जागी बसवलं, आणि संध्याकाळी फोन आला की चिप पूर्ण वेगाने चालतेय आणि कधी नव्हती इतकी थंड आहे. मागे काकूंचा आवाज येत होता, आधी चादरी लावू की उशांचे अभ्रे.

याला आता वर्ष होऊन गेलं. मामींचा हात थांबलेला नाही, पण गोळ्याही त्यानंतर वाढलेल्या नाहीत. घावणे आता मामा घालतात. जाड होतात, कडेला फाटतात, आणि मामी बसल्या जागेवरून पीठ कसं पसरायचं ते सांगत असतात. जेवणं झाली की दोघं कॉम्प्युटरसमोर बसतात. जी घडी मोजणं चालू असेल तिचं चित्र पडद्यावर येतं. रंगीत लोकरीचा गुंता सावकाश फिरत असावा तसं ते दिसतं. कधी थोडा सैल होतो, कधी पुन्हा आवळतो. एक संपला की दुसरा येतो. पहिल्याचं पुढे काय झालं ते कोणी कळवत नाही.

परवा मी तिथेच होतो. मामांनी मला विचारलं, यातला आपला कुठला उपयोगी पडला हे कधी कळेल का? मी म्हणालो, बहुतेक नाही कळणार. तेवढ्यात पडद्यावर नवा गुंता आला, निळा आणि पिवळा. मामी पुढे वाकून तो बघत राहिल्या, आणि मामांनी उठून त्यांच्यासाठी खुर्ची थोडी जवळ सरकवली.