उतार ओळखणारा माणूस

बदलापूरच्या धम्मदीपने वीस वर्षं इमारतींत पाइप बसवले. मग एकदा परांचीवरून पडून गुडघा गेला आणि डॉक्टरांनी साइटवर जाणंच बंद केलं. चार महिने तो घरात नुसता बसून. शेवटी त्याची बायको अस्मिता म्हणाली, "अहो, डोकं तर शाबूत आहे ना? उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये बीआयएमचा क्लास आहे. कॉम्प्युटरात अख्खी बिल्डिंग उभी करतात म्हणे. बघून तर या."

जीन्सच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर भरणाऱ्या त्या क्लासात तोच वयाने सगळ्यांत मोठा. पहिल्या दिवशी माउससुद्धा हातात ठरेना. शिकवणारी उन्नती त्याच्या पुतणीच्या वयाची. तिने आधी मजल्यांच्या पातळ्या ठरवायला लावल्या, मग खांबांच्या आखणीच्या रेषा, आणि त्यावर भिंत.

"दादा, ही नुसती रेघ नाही, भिंतच आहे. क्लिक करा."

जाडी, उंची, वीट, प्लास्टर, सगळी माहिती बाजूला उमटली. खिडकी रुंद केली, तर प्लॅनमध्ये, उभा छेद दाखवणाऱ्या सेक्शनमध्ये, खिडक्यांच्या यादीत एकदमच बदल झाला. धम्मदीप बघतच राहिला. साइटवर प्लॅन एक सांगायचा, यादी दुसरंच, आणि फोडाफोड त्याच्या वाट्याला यायची.

शेवटच्या आठवड्यात अंबरनाथच्या एका कंपनीने सरावासाठी दवाखान्याचं मॉडेल दिलं. बांधकाम अजून सुरू व्हायचं होतं. सॉफ्टवेअरने तपासलं, पाइप कुठेच बीमला अडत नव्हता. क्लास खूश. धम्मदीप मात्र स्क्रीनला नाक लावून बसला.

"मॅडम, ह्या सांडपाण्याच्या पाइपाला उतारच नाही. पाणी जाणार कसं?"

उन्नतीने उतार भरून पुन्हा तपासलं. पाइप खाली झुकून थेट बीममध्ये घुसला. स्क्रीनवर लाल खूण आली.

"पलीकडच्या डक्टमध्ये, त्या पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत उतरवा," तो म्हणाला. "अंतर निम्मं होईल, म्हणजे पाइपाला खाली झुकावंही कमी लागेल."

तसं करताच लाल खूण गेली. चूक कुणी पकडली ते लिहून उन्नतीने ते मॉडेल कंपनीच्या प्रमोद साहेबांना पाठवलं. दोनच दिवसांत त्यांनी धम्मदीपला अंबरनाथमधल्याच आनंदनगरच्या ऑफिसात बोलावलं.

"साहेब, माझे हात की-बोर्डवर हळू चालतात," त्याने आधीच सांगून टाकलं.

"भरभर चालणारे पुष्कळ आहेत. उतार ओळखणारा कुणी नाही. सोमवारपासून या."

अजूनही त्याला की-बोर्डचे शॉर्टकट आठवत नाहीत. अस्मिताने ते मोठ्या अक्षरांत लिहून दिलेत, आणि तो कागद स्क्रीनखाली चिकटवून तो रोज एक मजला तपासतो.